मानसतज्ज्ञाकडे प्रथम जाताना

भारताच्या बहुतेक प्रांतांत एखादे तरी असे गाव आहे, की ज्याचे नुसते नाव घेतले तरी मंडळी हसू लागतात. मुंबई-पुण्याकडे कोणी जरा विचित्र वागला, की ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा बघा’ असे म्हटले जाते. कोकणात तोच मान रत्नागिरीला, उत्तर प्रदेशात आग्र्याला, बिहार-झारखंडात रांचीला आणि चेन्नईत किळपाकला. ही सारी मनोरुग्णालयांची ठिकाणे. बदलीच्या नोकरीतील माणूस नव्या राज्यात गेला, की तेथील भाषा शिकण्यापूर्वी बहुधा त्या भाषेतला हा विनोद शिकतो.

विनोद निरुपद्रवी वाटतो. परंतु त्याची किंमत मोजली गेली आहे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे आढळले. त्यांपैकी उपचारांपर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण, विकारानुसार, ७० ते ९२ टक्के होते. तज्ज्ञांची टंचाई हे त्याचे एक कारण आहेच. परंतु तज्ज्ञ असलेल्या शहरांतही माणसे दारापर्यंत जात नाहीत, हे तितकेच खरे आहे.

अशाच एका गृहस्थांची कल्पना करू. ते मूळचे सांगली जिल्ह्यातले, वय ४७, पदोन्नतीवर भुवनेश्वरला आलेले. मुलाचे बारावीचे वर्ष असल्यामुळे कुटुंब पुण्यात. दोन-तीन महिन्यांपासून त्यांना पहाटे तीनला जाग येते आणि स्ट्राँग रूमचे कुलूप नीट लागले होते ना, हा प्रश्न डोक्यात घोळू लागतो. कुलूप लावताना दुसरा अधिकारी शेजारीच उभा होता, हे आठवूनही छातीतील धडधड थांबत नाही. ई.सी.जी. झाला, इको झाला, दोन्ही निर्दोष आले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर मानसतज्ज्ञांचा दूरध्वनी क्रमांक लिहून दिला. ती चिठ्ठी त्यांच्या पाकिटात पॅनकार्डाच्या मागे सहा आठवडे पडून होती. हे अधिकारी कल्पित आहेत. अशी चिठ्ठी बाळगणारी पाकिटे मात्र कल्पित नाहीत.

त्या सहा आठवड्यांत त्यांना अडवणारी भीती केवळ ‘लोक काय म्हणतील’ एवढीच नव्हती. तिथे जाऊन बोलायचे काय, हा प्रश्न त्याहून मोठा होता. कर्ज मागायला येणाऱ्याला निदान कोणती कागदपत्रे लागतील हे विचारता येते. येथे मात्र कशाची तयारी करून जावे हेच कळत नाही, आणि तयारीशिवाय जाणे सवयीत नाही.

आधी, कोणाकडे?

सर्वसामान्य बोलण्यात ‘मनाचा डॉक्टर’ या एकाच शब्दात तीन वेगळी माणसे सामावलेली असतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो, मानसोपचारशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेला. औषधे लिहून देण्याचा अधिकार त्याचा. मानसतज्ज्ञ औषधे देत नाही. संभाषण, मानसिक चाचण्या व उपचारपद्धती ही त्याची साधने. समुपदेशक हा शब्द फार सैल वापरला जातो. त्यात उत्तम प्रशिक्षित माणसे आहेत आणि तीन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलीही आहेत.

म्हणून पात्रता विचारणे हा उद्धटपणा नव्हे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे, याची व्याख्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दिलेली आहे व ती भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी जोडलेली आहे. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली वैधानिक संस्था आहे; तिच्याकडील नोंदणी क्रमांक मागून घेता येतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळूनही पाहता येतो. अनोळखी धनादेशावरील सही दोनदा पाहणाऱ्या बँक कर्मचाऱ्याने येथेच संकोच करावा, याला काही अर्थ नाही.

दोघांपैकी आधी कोणाकडे गेलो हे फारसे महत्त्वाचे नाही. गरज दिसल्यास मानसतज्ज्ञ मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतो, तसेच उलटही घडते. मात्र झोप पूर्णपणे उडाली असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, अन्नपाणी सुटले असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाला गाठणे योग्य. आणि जीव द्यावा असे वारंवार वाटत असेल, तर पुढील आठवड्यातील भेटीची वाट पाहू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. रुग्णालयाचा तातडीचा विभागही त्यासाठीच असतो.

एक कागद, दोन बाजू

पहिली भेट साधारणतः पाऊण तास ते तासाभराची असते. एवढ्या वेळात आयुष्य सांगून होत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. परंतु अस्वस्थ माणसाची स्मरणशक्ती हा फार बेभरवशाचा हिशेबनीस आहे. खिन्नतेत माणसाला ‘पूर्वीपासून असेच आहे’ असे वाटते. आणि नेमका भेटीच्या दिवशी बरा असला, तर ‘तसे विशेष काही नाही’ असे तोच सांगून मोकळा होतो. म्हणून भेटीपूर्वी आठवडाभर एका कागदावर साध्या नोंदी कराव्यात.

त्रास केव्हा सुरू झाला? तारीख आठवत नसेल, तर गणपतीच्या आधी की नंतर, बदलीच्या आधी की नंतर, एवढे तरी लिहावे. रात्री किती वाजता अंग टेकले, किती वाजता जाग आली, पुन्हा डोळा लागला का? जेवण, वजन, दिवसाकाठी चहाचे कप. दारू घेत असल्यास खरा आकडा. या आकड्यात सूट घेण्याचा मोह सर्वांनाच होतो. तज्ज्ञांनाही हे माहीत असते, तरीही खरा आकडा लिहावा. पूर्वी सहज होणारी कोणती कामे आता जड जातात, हे विशेष महत्त्वाचे. ‘मूड बरा नसतो’ या वाक्यापेक्षा ‘गेले तीन रविवार पुण्याला फोन करण्याचे टाळले’ हे वाक्य तज्ज्ञाला कितीतरी अधिक सांगून जाते.

कागदाच्या मागील बाजूस औषधे लिहावीत. रक्तदाब, मधुमेह, संधिवात, दमा, जे असेल ते, मात्रेसह. नावे लिहिण्याचा कंटाळा असेल, तर सरळ गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्याव्यात. स्टेरॉइडसारखी काही औषधे मनःस्थितीवर परिणाम करतात. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, पांडुरोग यांतूनही थकवा, उदासी, विसराळूपणा अशी लक्षणे उद्भवतात. गेल्या वर्षभरातील रक्ततपासणीचे अहवाल सोबत असले, तर मानसतज्ज्ञ ते पाहून कुटुंबाच्या डॉक्टरांशी बोलण्यास सुचवू शकतो. महिनोन् महिने मनाला दोष दिला जातो आणि मूळ दुखणे थायरॉइडचे निघते, असे प्रसंग घडतात.

यापूर्वी जे जे उपाय केले, तेही सांगावेत. इगतपुरीचे विपश्यना शिबिर, आयुर्वेदाचा काढा, पत्रिका दाखवून घातलेला खडा, कुलदैवताला बोललेला नवस, झोपेसाठी मित्राकडून घेतलेली अर्धी गोळी, यांपैकी कशाचीही लाज बाळगण्याचे कारण नाही. ती अर्धी गोळी तर अवश्य सांगावी.

घरातील न बोललेली माणसे

पहिल्या भेटीत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असा, की घराण्यात कोणाला मानसिक आजार होता का? बहुतेकांचे उत्तर ‘नाही’ असे येते, आणि ते प्रामाणिकपणे दिलेले असते. कारण मराठी घरांत हे आजार त्यांच्या नावाने कधी वावरलेच नाहीत. आजीला ‘बाहेरचं’ झाले होते. थोरल्या काकांना ‘डोक्याचा त्रास’ होता. आत्या सासरहून परत आली ती माहेरीच राहिली, कोणाशी बोलत नसे, दिवसभर हात धूत असे. पण ‘स्वभावच तसा’ म्हणून तिचा विषय संपत असे. एखादे चुलत आजोबा विहिरीवर ‘पाय घसरून’ गेले, आणि त्यानंतर त्या विहिरीचा विषय घरात निघाला नाही.

या माणसांची माहिती भेटीपूर्वी काढावी. घरातील सर्वांत वयस्कर आणि बोलकी व्यक्ती कोण हे प्रत्येकाला ठाऊक असते. बहुधा ती आई, मावशी किंवा मोठी काकू असते. चौकशीचे कारण सांगणे भाग नाही. ‘नानाकाकांना नेमकं काय होत असे गं?’ एवढे विचारले, की पुष्कळदा पन्नास वर्षे बंद असलेला पेटारा उघडतो. काही मानसिक विकारांचा धोका कुटुंबात अधिक आढळतो. शिवाय नात्यातील कोणाला एखादे औषध लागू पडले असेल, तर ती माहिती पुढे मनोविकारतज्ज्ञाच्या उपयोगाची ठरू शकते. अर्थात, काकांना होते म्हणून पुतण्याला होईलच असे नाही. धोका थोडा वाढतो, एवढाच त्याचा अर्थ.

या चौकशीचा आणखी एक परिणाम दिसतो. आपण घराण्यातील पहिलेच ‘तसे’ आहोत, अशा समजुतीने खचलेल्या माणसाला कळते, की तसे नाही. उपचारांपर्यंत पोहोचणारा मात्र तो कदाचित पहिलाच असतो.

‘हुरहुर’ कशी सांगावी?

देशभर विखुरलेल्या मराठी माणसासाठी भाषेचा प्रश्न किरकोळ नाही. कोलकाता, गुवाहाटी किंवा कोईमतूर येथे हिंदी-इंग्रजीत दिवसभर व्यवहार करणारा अधिकारी मनातले सांगायला बसतो, आणि शब्द संपतात. मराठीत जिवाचे काय काय होते! जीव घाबरा होतो, कासावीस होतो, टांगणीला लागतो, रमत नाही, वर-खाली होतो. कशातच राम वाटत नाही. संध्याकाळी उगाच हुरहुर लागते. घुसमट होते. इंग्रजीत यांपैकी निम्म्यांना ‘टेन्शन’ आणि उरलेल्यांना ‘डिप्रेशन’ म्हणून माणूस मोकळा होतो. अशाने दोन अगदी वेगळ्या अवस्था एकाच खात्यावर जमा होतात.

यावर एक उपाय म्हणजे मराठी बोलणारा तज्ज्ञ शोधणे. २०२० च्या महासाथीनंतर दृक्-श्राव्य पद्धतीने भेटी घेणे सर्वत्र रुळले आहे. पुणे, नाशिक, नागपूर येथील मानसतज्ज्ञाशी गुवाहाटीतूनही बोलता येते. फक्त त्यासाठी दार लागणारी खोली हवी. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, शेजारी दूरदर्शन संच चालू असताना, हे कसे साधावे? काही जण उभ्या गाडीत बसून बोलतात, काही गच्चीवर जातात. कानात इअरफोन घातले, की समोरच्याचे शब्द तरी इतरांपर्यंत जात नाहीत. आपले मात्र जातात, हे विसरू नये.

दुसरा उपाय अधिक सोपा आणि अनेकदा अधिक गुणकारी आहे. मराठी शब्दच आधी उच्चारावा, मग जमेल त्या भाषेत समजावून सांगावा. चांगला तज्ज्ञ अशा वेळी हातातील लेखणी खाली ठेवतो आणि विचारतो, ‘म्हणजे नेमके काय होते?’ त्या एका शब्दाच्या स्पष्टीकरणात पंधरा मिनिटे गेली, तरी ती वाया जात नाहीत. आधी घोकून ठेवलेले इंग्रजी वाक्य फार तर निदानाच्या जवळ नेते. स्वतःचा शब्द उलगडताना मात्र माणूस ते प्रथमच स्वतःलाही सांगत असतो.

म्हणून कागदावर घटना, आकडे, औषधे लिहावीत. बोलण्याची तालीम करू नये. इंटरनेटवर वाचून स्वतःच केलेले निदान तर घरीच ठेवावे. ‘मला अमुक विकार आहे’ असे म्हणून सुरुवात केली, की त्या विकारात न बसणारी लक्षणे माणूस नकळत गाळतो, आणि नेमकी तीच महत्त्वाची असू शकतात.

मराठीत या विषयाची परिभाषा नाही, अशीही एक समजूत आहे. ती खरी नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली उपचारपद्धती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून आत्मसात केली व ‘विवेकनिष्ठ’ या नावाने मराठीत रुजवली. ठाण्याला १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसिक आरोग्यासाठी ‘आय.पी.एच.’ ही संस्था सुरू केली, तेव्हापासून मनाविषयी घरगुती मराठीत बोलण्याची सवय अनेकांना लागली. ज्या ठाण्याचे नाव चेष्टेत घेतले जाते, त्याच ठाण्याची ही दुसरी ओळख.

गुप्तता, बिल आणि पासबुक

बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या मनात आणखी एक शंका असते, ती उघडपणे विचारली जात नाही. हे कार्यालयात कळेल का? पुढच्या पदोन्नतीवर परिणाम होईल का? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या २३ व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराविषयी व उपचारांविषयी गुप्ततेचा हक्क दिला आहे. तज्ज्ञ आपण होऊन मालकाला, वरिष्ठाला किंवा शेजाऱ्याला काही कळवू शकत नाही. या हक्काला अपवाद आहेत व ते वाजवी आहेत. कोणाच्या जिवाला धोका असल्यास किंवा न्यायालयाचा आदेश असल्यास आवश्यक तेवढी माहिती द्यावी लागते. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. पहिल्याच भेटीत तज्ज्ञ हे अपवाद समजावून सांगतो आणि संमतिपत्रावर सही घेतो. बँकेतील फॉर्मवर ग्राहक न वाचता सही करतो तशी येथे करू नये. दोन मिनिटे घेऊन वाचावे.

तथापि गुप्तता बाहेर पडते ती बहुधा कायद्याच्या फटीतून नव्हे, तर कागदोपत्री व्यवहारातून. संयुक्त खात्यातून यू.पी.आय.ने शुल्क दिले, की पासबुकात क्लिनिकचे नाव उमटते. वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी बिल सादर केले, की ते चार टेबलांवरून फिरते. यात गैर काही नाही. आजार हा आजारच आहे आणि खर्च मागण्यात कमीपणा नाही. परंतु कोणाला कळलेले चालेल, याचा निर्णय आधी घेतलेला बरा. चुकून कळण्याचा मनस्ताप नंतर होत नाही. रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय कारण’ एवढे पुरेसे आहे, आणि ते खोटेही नाही.

पैशाचा विषय पहिल्या दूरध्वनीतच काढावा. शुल्क शहराप्रमाणे व अनुभवाप्रमाणे एका सत्रास काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असते. वेळ रद्द केल्यास काय आकारले जाते, हेही विचारावे. सरकारी व महापालिका रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या नाममात्र दरात तपासणी होते. तेथे गर्दी असते आणि वेळ थोडा मिळतो, पण दर्जा कमी असतो असे समजण्याचे कारण नाही. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विम्याची तरतूद करणे वरील कायद्याच्या २१ व्या कलमाने विमा कंपन्यांना बंधनकारक केले आहे. मात्र अनेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच खर्च देतात. आठवड्याच्या सत्राचा खर्च त्यात बसतो का, हे पॉलिसीच्या अटींत पाहावे.

उपचार किती काळ चालतील, हाही बदलीच्या नोकरीत निकडीचा प्रश्न. विचार व वर्तन यांवर काम करणाऱ्या प्रचलित पद्धतीत साधारणतः १२ ते २० सत्रे धरली जातात. कोणाला कमी पुरतात, कोणाला अधिक लागतात. मध्येच बदलीचा आदेश आला, तर दूरस्थ पद्धतीने पुढे चालू ठेवता येईल का, हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवावे.

दार उघडल्यानंतर

सोबत कोणी यावे का? यावे, पण बाहेर बसावे. पत्नी किंवा भाऊ आत आला, की त्याच्यासमोर धीराचा मुखवटा घातला जातो आणि मग तज्ज्ञाला मुखवटाच भेटतो. घरच्यांचे म्हणणेही उपयोगी असते. ते शेवटच्या दहा मिनिटांत, रुग्णाच्या संमतीने घेता येते.

आत सिनेमात दिसणारा कोच बहुधा नसतो. दोन खुर्च्या, घड्याळ आणि टिश्यू पेपरचा डबा असतो. त्या डब्याकडे पाहून अनेक पुरुष मनाशी ठरवतात, की हे मात्र आपल्याकडून होणार नाही. झाले तरी बिघडत नाही. काही वेळा एक छापील प्रश्नावली भरण्यास देतात; त्यांपैकी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एका प्रश्नावलीत नऊच प्रश्न असतात आणि ते गेल्या दोन आठवड्यांविषयी असतात. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तेथे ‘मुळीच नाही’ या चौकोनावर खूण करण्याची घाई होते. विचार आलेला असेल, तर तो नोंदवावा. असे सांगितले म्हणून पोलीस येत नाहीत, लगेच दाखलही करत नाहीत. विचार किती वेळा येतो, काही बेत ठरला आहे का, हे शांतपणे विचारले जाते. कायद्याची दृष्टीही आता बदलली आहे. २०१७ च्या कायद्याचे ११५ वे कलम आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरते आणि अशा व्यक्तीची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी मानते.

तज्ज्ञ उपदेश करत असेल, धर्माचा किंवा लग्नाचा सल्ला देत असेल, सारखा घड्याळ पाहत असेल किंवा आपली गोष्ट ऐकण्याऐवजी स्वतःची सांगत असेल, तर दुसरा शोधावा. त्यात कृतघ्नता नाही. पहिली भेट ही दोन्ही बाजूंनी पारख असते. याउलट, तज्ज्ञ फार कमी बोलला म्हणून निराश होऊ नये. पहिल्या भेटीत तो ऐकण्यासाठीच बसलेला असतो. घरी परतल्यावर काहींना हलके वाटते, काहींना उलट अधिक थकल्यासारखे वाटते. त्या संध्याकाळी महत्त्वाची कामे ठेवू नयेत.

भुवनेश्वरचे ते अधिकारी सातव्या आठवड्यात गेले. त्यांच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. त्यावर जागेपणाच्या वेळा, रक्तदाबाच्या गोळीचे नाव आणि सर्वांत खाली, आईला फोन करून मिळवलेली एक ओळ : ‘बाबा निवृत्तीच्या आधी दोन वर्षे रात्री उठून दाराच्या कड्या तपासत.’ समोरच्या बाईंनी हिंदीत विचारले, की कशासाठी आलात? त्यांनी कागद उघडला, वरच्या चार ओळी वाचल्या आणि थांबले. मग कागद बाजूला ठेवून म्हणाले, संध्याकाळी शाखा बंद करून खोलीवर गेले, की हुरहुर लागते. बाईंनी तो शब्द आपल्या वहीत तसाच लिहून घेतला आणि त्याचा अर्थ विचारला. तो सांगता सांगता पाऊण तास कधी संपला, हे त्यांना कळले नाही. कुलपाचा विषय तर निघालाच नव्हता.

निघताना पुढची वेळ ठरवायची होती. त्यांनी डायरी काढली. महिनाअखेर होती, तिमाहीचा ताळेबंद होता, लेखापरीक्षक येणार होते. पाने उलटून झाल्यावर त्यांनी बुधवार सुचवला, सायंकाळी साडेसहा.